बंद करण्यासारखं काही नाही

वासुदेवरावांना उघडा नळ सहन होत नसे. वाहणारा नळ कुणालाच सहन होत नाही, त्यात त्यांचं असं काही विशेष नव्हतं. पण त्यांना कोरडा, ठणठणीत, थेंबही नसलेला उघडा नळसुद्धा बघवत नसे. इचलकरंजीत नळाला चार दिवसांआड पाणी येतं, आणि ते नेमकं कधी येईल हे चावी सोडणाऱ्या माणसाला तरी माहीत असतं की नाही, देव जाणे. कोरडा नळ कुणी उघडा टाकून गेलं आणि मागे पाणी आलं, की पिंपं रिकामी आणि मोरी तुडुंब. हे त्यांच्या घरात एकदा झालं होतं आणि त्याची चर्चा पुढे वर्षभर पुरली होती. तेव्हापासून दिसेल तो नळ पिळून बंद करायचा हा त्यांचा नेम. पाहुण्यांच्या घरी, लग्नाच्या हॉलमध्ये, एसटी स्टँडवर, कुठेही. एकदा दवाखान्यात त्यांनी स्वतःच्याच सलाइनची चावी फिरवली असं घरात सांगतात. ते मात्र हे साफ नाकारतात.

असा हा माणूस बँकेतून निवृत्त झालेला, पत्नी गेल्यापासून एकटा राहणारा. गौरांगने, म्हणजे त्यांच्या मुलाने, त्यांना जर्मनीला बोलावलं आणि हे आले ते ऐन हिवाळ्यात. उन्हाळ्यात या म्हटलं तर, "उन्हाळ्यात घर सोडून कसं चालेल? पाणी कोण भरणार?" हे त्यांचं उत्तर. म्हणून २००९च्या जानेवारीत, बॉबलिंगेनमधल्या एका चढाच्या रस्त्यावर, फ्राउ ग्योल्त्स नावाच्या घरमालकिणीच्या वरच्या मजल्यावर, वासुदेवराव दोन स्वेटर आणि कानटोपी घालून खिडकीतून बर्फ बघत बसू लागले. मुलगा सॉफ्टवेअरच्या ऑफिसात, सून पंपांच्या ऑफिसात. घरातले सगळे नळ बंद. करायला काही नाही.

सुनेचं नाव देवश्री. सांगलीची मेकॅनिकल इंजिनिअर. जर्मनीत आल्यावर पहिली तीन वर्षं झिंडेलफिंगेनला मोटारीच्या सीटखालची वायर धरून ठेवणारी पट्टी कागदावर काढण्यात गेली. पट्टी डावीकडची आणि पट्टी उजवीकडची. बाईने दात-ओठ खाऊन ते दिवस काढले आणि संधी मिळताच बॉबलिंगेनच्या एका छोट्या कंपनीत उडी मारली. तिथे खाणींसाठी पंप आणि पाइपलाइनची आखणी चालायची. पाणी चढवायचं काम होतं, आणि पाण्याशी तिचं जन्मापासूनचं भांडण होतं. तिला ते काम मनापासून आवडलं.

फिनलंडच्या उत्तरेला एक खाण होती. खाणीचा एक तलाव होता, आणि तलावापासून टेकडी चढून पलीकडच्या कारखान्यापर्यंत नऊ किलोमीटर पाइपलाइन टाकायची होती. खनिज धुवायला पाणी तिथूनच जाणार, कामगारांच्या वस्तीला प्यायलाही तिथूनच. थंडी उणे अडतीसपर्यंत. वाहतं पाणी सहसा गोठत नाही, गोठतं ते थांबलेलं. बर्फाच्या ओझ्याने विजेची तार तुटली आणि पंप थांबले, की काही तासांत पाइपातलं पाणी दगड होणार आणि तो दगड मे महिन्यापर्यंत तिथेच बसणार. जुन्या लाइनीचं मागच्या हिवाळ्यात असंच झालं होतं. कारखाना बंद पडला आणि वस्तीतल्या बायकांनी वसंत येईपर्यंत बर्फ वितळवून चहा केला.

अशा पाइपाभोवती साधारणपणे विजेची गरम तार गुंडाळतात. देवश्रीने पहिल्याच मीटिंगमध्ये विचारलं, "आणि वीजच गेली तर?" जनरेटर आहे, म्हणाले. "जनरेटरही बंद पडला तर?" यावर टेबलाभोवतीचे सगळे असे बघायला लागले, जणू ती काहीतरी अभद्र बोललीय. पण जिच्या माहेरी आठ-आठ तास लोडशेडिंग चालायचं, तिला, जी वीज जाण्याची धास्ती त्याच विजेच्या भरवशावर पाइप गरम ठेवायचा, हे पटेना. तिची कल्पना सरळ होती. वीज गेली की लाइन आपोआप रिकामी झाली पाहिजे. रिकाम्या पाइपात गोठणार काय? वाटेत जमीन तीन ठिकाणी खोलगट होती, पाणी तिथे साचणार. त्या तीन जागी आणि पंपघरापाशी तिने स्प्रिंगचे व्हॉल्व्ह बसवले. वीज असेपर्यंत ते मिटलेले, वीज गेली की स्प्रिंग त्यांना उघडणार आणि पाणी निघून जाणार. प्रत्येक स्प्रिंगच्या आधी, दुरुस्तीची सोय म्हणून, हाताने फिरवायचा एक साधा व्हॉल्व्ह. तो कायम उघडा ठेवायचा. तशी पाटी.

डिसेंबरात ते ड्रॉइंग मंजूर झालं. तिचे साहेब, डॉक्टर हेबर्ले, कौतुक करताना दात दुखत असल्यासारखा चेहरा करणारे गृहस्थ, ते "जाउबर" म्हणाले. साफ, नीटनेटकं. त्यांच्या तोंडून याच्यापुढे काही निघत नाही. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत पहिल्यांदाच तिचं नाव आलं, डी. कुरुंदवाडे. जानेवारीत सासरे आल्यावर तिने त्या कोपऱ्याची झेरॉक्स त्यांना दाखवली, आणि त्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली. जानेवारीअखेर पाइपांची आणि खांबांची ऑर्डर जायची होती.

आता त्या भागात केअरवोख नावाची एक चाल आहे. घरातल्या भाडेकरूंनी पाळीपाळीने जिना, अंगण, पुढचा रस्ता झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. एका सोमवारी ती पाटी कुरुंदवाड्यांच्या दारावर आली आणि वासुदेवराव एकदम दहा वर्षांनी तरुण झाले. "केर काढायचा आठवडा! हे मला जमेल." त्यांनी जिना झाडला, फावड्याने बर्फ ओढला, मीठ टाकलं, आणि घराला एक प्रदक्षिणा घातली. मागच्या बाजूला, बागेच्या भिंतीत, एक पितळी नळ होता. सताड उघडा आणि कोरडा.

पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. त्यांनी हातमोजा काढला आणि नळ असा पिळून बंद केला की इचलकरंजीत त्यांना शाबासकी मिळाली असती.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात फ्राउ ग्योल्त्स, पायात रबरी बूट आणि हातात बादली. एरवी ही बाई "गूटन मॉर्गन"सुद्धा मोजून मापून म्हणायची, त्या दिवशी तिचं बोलणं थांबतच नव्हतं. तिच्यामागे देवश्री आणि गौरांग तळघरात धावले. घोट्यापर्यंत पाणी. हिवाळ्यासाठी ठेवलेली सफरचंदं तरंगताहेत, बटाट्यांची पोती भिजून बसलीत, आणि भिंतीजवळच्या पितळी कॉकमधून पाण्याची चिळकांडी उडतेय. गौरांगने मुख्य पाणी बंद केलं. मग फ्राउ ग्योल्त्स त्यांना बागेत घेऊन गेली आणि नळाकडे बोट दाखवून विचारलं, "हा कुणी बंद केला?"

तिने जे सांगितलं ते असं. हिवाळ्याआधी या नळाला पाणी सोडणारा तळघरातला कॉक बंद करायचा आणि बाहेरचा नळ मुद्दाम उघडा सोडायचा. कॉक जुना, थोडा पाझरतो. नळ उघडा असला की ते चार थेंब बाहेर निघून जातात. नळ बंद केला की थेंब आतच साचतात, पाइप भरतो, गोठतो. बर्फ फुगतो, त्याला पुढे जागा नसते, म्हणून तो मागे रेटतो. त्या रेट्याने तळघरातला कॉक मधोमध चिरला होता.

वासुदेवराव जिन्यात उभे होते. भाषा कळत नसली तरी बोट कुठे रोखलंय ते दिसत होतं. "मी केला," ते म्हणाले.

देवश्रीचा पारा चढला. आठवडाभराचा थकवा, घरमालकिणीसमोरची लाज, ओले मोजे, सगळं एकदम बाहेर आलं. "अहो बाबा, इथलं काही माहीत नसताना हात लावायचाच कशाला? मला विचारायचं तरी!"

"अगं, उघडा होता," ते म्हणाले. "पाणी आलं असतं तर?"

हे त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मग हात मागे बांधून ते वर गेले.

दुपारभर ती आणि गौरांग पाणी काढत होते. गौरांग पोती वर न्यायला गेला तेव्हा तिने तो चिरलेला कॉक हातात घेतला. कुणीच काही वाईट केलं नव्हतं. फ्राउ ग्योल्त्सने नियम पाळला होता, वासुदेवरावांनी काळजी घेतली होती, आणि तळघर बुडालं होतं. निष्काळजी माणसाने तो नळ तसाच सोडला असता आणि काहीही झालं नसतं. हे मनात आलं आणि तिचे हात थांबले. कायम उघडा ठेवायचा हाताचा व्हॉल्व्ह. तशी पाटी. तिच्या स्वतःच्या ड्रॉइंगमध्ये असे चार नळ होते.

ती तळघराच्या पायरीवर बसली आणि तिने एरोला फोन लावला. एरो लाइने हा खाणीवरचा पाण्याचा इंजिनिअर. कमी बोलणारा आणि खोटं अजिबात न बोलणारा.

"एरो, समज स्प्रिंगचा व्हॉल्व्ह थोडा गळायला लागला. रस्त्यावर बर्फाचा थर जमला. तू काय करशील?"

"त्याच्या आधीचा हाताचा बंद करीन. नाहीतर ट्रक घसरेल."

"त्यावर पाटी आहे. बंद करू नका म्हणून."

"पाटी बर्फाखाली असेल."

"बरं. मग तो परत कधी उघडशील?"

"उन्हाळ्यात," एरो म्हणाला. आणि मग त्यालाही कळलं, कारण तो फिनिशमध्ये काहीतरी पुटपुटला, जे तिला कुणी भाषांतर करून सांगायची गरज नव्हती.

सोमवारी ती हेबर्लेंच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, माझं ड्रॉइंग चुकीचं आहे.

"हे बघा, फ्राउ कुरुंदवाडे," ते म्हणाले, "ड्रॉइंग मंजूर आहे. माझी सही आहे, क्लायंटची सही आहे. तुमचीही आहे."

"हो. तरी चुकीचं आहे."

तिने तळघराची हकिगत सांगितली. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांना नियम माहीत नव्हता. खाणीवरची माणसं शिकलेली असतात. मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरांत लिहू."

"एरोला नियम माहीत आहे. त्यानेच मला सांगितलं, मी बंद करीन."

"मग साखळी घाला. कुलूप लावा."

"किल्ली कुणाकडे?"

"अर्थात शिफ्टच्या प्रमुखाकडे. सगळ्यात जबाबदार माणसाकडे."

"अगदी बरोबर! तोच तर बंद करणार. बेजबाबदार माणूस कशाला थंडीत चाक फिरवायला जाईल?"

हेबर्ले खुर्चीत मागे रेलले. त्यांनी तिला समजुतीच्या सुरात सांगितलं की शुक्रवारी ऑर्डर जायचीय, त्यासाठी एरो लाइने स्वतः येतोय, वर्ष मंदीचं आहे, आणि तिचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये नव्याने व्हायचंय. मंजूर झालेलं स्वतःचंच काम क्लायंटसमोर मोडीत काढणाऱ्या इंजिनिअरबद्दल वरचे लोक काय म्हणतील, याचा तिने विचार करावा. "शुक्रवारपर्यंत दुसरं ड्रॉइंग आणलंत तर बघू. नाहीतर हेच जाईल."

घरी परतताना बसमध्ये ती हेच घोळवत होती. गप्प बसणं सोपं होतं. पाटी, साखळी, मॅन्युअल, सगळं नियमात बसत होतं, आणि उद्या लाइन फुटली तरी दोष चाक फिरवणाऱ्याचा ठरला असता. नेमकं हेच तिला सोसवेना. कुणीतरी भला माणूस काळजीने एक चाक फिरवणार, आणि सगळी वस्ती त्याला विचारणार, हात लावायचाच कशाला? तिनेही शनिवारी हेच विचारलं होतं. बसमधून उतरेपर्यंत तिचं ठरलं होतं. नोकरी राहो की जावो, हे ड्रॉइंग ती जाऊ देणार नव्हती.

घरात वासुदेवराव हात मागे बांधून उभे होते. शनिवारपासून ते असेच वावरत होते, संग्रहालयात आल्यासारखे. त्यांनी गौरांगला तिकीट अलीकडचं करून द्यायला सांगितलं होतं. देवश्रीने हात धुतले आणि टॉवेल घ्यायला वळली, तेवढ्यात ते दारातून म्हणाले, "नळ बंद करू का? की तू करतेस?"

तिला भडभडून आलं. "बाबा, मी शनिवारी ओरडले ते चुकलं माझं. परक्या बाईसमोर तर नव्हतंच ओरडायचं. आणि तिकीट बदलायचं नाही. मला तुमची गरज आहे."

"माझी कशाला?" ते म्हणाले. "नुकसान करायला?"

"हो. अगदी तेवढ्यासाठीच."

तिने जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग पसरलं. हा तलाव, हे पंपघर, ही टेकडी, तो कारखाना. "तुम्ही इथून इथपर्यंत चालत चाललायत. जे उघडं दिसेल, ते बंद करायचं. बाकी काही नाही."

"मला यातलं काय कळतंय?"

"कळायला नकोच आहे."

ते आधी संशयाने बघत राहिले. मग मागे बांधलेला हात पुढे आला आणि तर्जनी तलावापासून निघाली. पहिल्या खोलगट जागी ती थांबली. "हे चाक. उघडं आहे? बंद." दुसरं बंद. तिसरं बंद. पंपघरापाशी आणखी एक. चार जागी त्यांनी तिची लाइन गोठवली, आणि तीही मिनिटभरात.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी हे चाललं. दिवसा ती ऑफिसात नवं ड्रॉइंग करायची आणि घरी आणून सासऱ्यांपुढे ठेवायची. चाकं काढायची तर खोलगट जागाच काढायला हव्यात, म्हणून तिने तिथे पाइप खांबांवर उचलला. आता टेकडीच्या माथ्यापासून एक उतार सरळ तलावाकडे आणि दुसरा कारखान्याच्या टाकीकडे. मध्ये कुठेही पाणी साचायला जागा नाही. त्या एका वाक्यासाठी तिला जमिनीची सगळी मापं पुन्हा लावावी लागली. डोळे लाल झाले, गौरांगने दोन दिवस खिचडी केली, तीही करपवली.

माथ्यावर हवा आत घ्यायला एक उघडं तोंड हवं होतं. हवा आत गेली नाही तर पाणी खाली उतरत नाही. वासुदेवरावांचं बोट तिथे आलं. "हे काय उघडं? पक्षी घरटं करेल यात. मी फडकं बांधीन." तिने ते तोंड रुंद केलं, खाली वळवलं आणि त्यावर जाड जाळी वेल्ड करून टाकली. "झाकण बसवीन," ते म्हणाले. तिने झाकण बसायचे आटेच काढून टाकले. आता त्यांना चेव आला होता. जेवतानासुद्धा मध्येच म्हणायचे, "तो टाकीतला पाइप पाण्याच्या वरच संपतो ना? नाहीतर मी तिथे एक कॉक लावला असता."

शेवटी घोडं अडलं ते पंपघरापाशी. पंपाच्या वर एक झडप असते. ती पाणी वर जाऊ देते, परत येऊ देत नाही. वीज गेल्यावर चढावरचं सगळं पाणी याच झडपेवर येऊन थांबणार. त्याला परत तलावात जायला वाट हवी. वाट ठेवायची तर त्यावर व्हॉल्व्ह आला, व्हॉल्व्ह आला की मूठ आली, आणि मूठ आली की वासुदेवराव आले.

गुरुवारी संध्याकाळी तिने झडपेला वळसा घालणारा एक बारका पाइप काढून आणला.

"याला चावी कुठाय?" सासरे म्हणाले.

"नाहीच आहे."

"म्हणजे पंप चालू असतानाही थोडं पाणी परत गळत राहणार?"

"कायम गळणार. पंप थोडा मोठा घेऊ."

वासुदेवराव कळवळले. चांगलं चढवलेलं पाणी परत खाली जाताना बघणं त्यांच्या जिवावर आलं. "छे छे. मी बोळा कोंबीन. वरून सायकलची ट्यूब गुंडाळीन आणि सुतळीने आवळून टाकीन."

देवश्री हसली नाही. तिने पेन्सिल घेतली आणि त्या पाइपाचं तोंड पंपघराखालच्या, तलावाला जोडलेल्या विहिरीत खोल नेलं, पाण्याच्या पातळीखाली. तिथे गळती दिसणार नव्हती, ऐकू येणार नव्हती, आणि जमिनीच्या पोटात असल्याने गोठणारही नव्हती.

वासुदेवरावांनी ड्रॉइंग स्वतःकडे ओढलं. तलावापासून टाकीपर्यंत बोट फिरवलं. परत टाकीपासून तलावापर्यंत आणलं. मग चष्मा काढला आणि तक्रारीच्या सुरात म्हणाले, "यात बंद करण्यासारखं काही नाही."

"नक्की?"

"काहीच ठेवलं नाहीस तू."

तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. ते गोंधळून गेले, "अगं, आज काय सण आहे का?" म्हणत राहिले.

शुक्रवारी मीटिंगमध्ये टेबलावर दोन ड्रॉइंगं होती. हेबर्लेंनी नवं ड्रॉइंग खालपासून वरपर्यंत तपासलं आणि त्यांची पेन्सिल बारक्या पाइपावर टेकली. "फ्राउ कुरुंदवाडे, हे गळतं डिझाइन आहे."

"हो. गळतंच पाहिजे."

"इथे एक साधा व्हॉल्व्ह का नाही? गळती थांबेल, पंप लहान चालेल. वीज गेली की उघडायचा."

"कारण व्हॉल्व्हला मूठ असते," ती म्हणाली. "मूठ दिसली की माणसाचा हात जातो. वाईट माणसाचा नाही, चांगल्याचा. छिद्राला मूठ नसते."

एरो टेबलावर वाकला आणि त्याचं बोट तलावापासून निघालं. हळूहळू टेकडी चढलं, माथ्यावर थांबलं, जाळीपाशी घुटमळलं, उतरलं. देवश्रीला क्षणभर आपल्या जेवणाच्या टेबलाचीच आठवण झाली. बोट परत मागे आलं. "मी इथे बंद काय करू?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"हे कुणी तपासलं?"

"माझ्या सासऱ्यांनी."

हेबर्लेंच्या भुवया वर गेल्या. "ते पंपांचे इंजिनिअर आहेत?"

"नाही. ते नळ बंद करतात."

एरो आयुष्यात बहुधा दुसऱ्यांदा हसला असावा. मग त्याने नवं ड्रॉइंग स्वतःकडे ओढलं आणि सही केली. हेबर्लेंनी बराच वेळ घेतला. अखेर सही केली आणि जुनं ड्रॉइंग आणि रद्दचा शिक्का देवश्रीपुढे सरकवला. तिचं नाव असलेलं पहिलं ड्रॉइंग. शिक्का मारताना तिला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. पण तिने तो एकदाच आणि ठसठशीत मारला. हेबर्ले म्हणाले, "जाउबर." चेहरा अर्थातच दात दुखत असल्यासारखा. मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट नव्याने झालं.

त्याच मार्चअखेर, वासुदेवराव परतायच्या आदल्या दिवशी, फ्राउ ग्योल्त्सने वरची बेल वाजवली आणि त्यांना खुणेने खाली बोलावलं. तळघरात नवा कॉक चमकत होता. तिने तो उघडून त्यांना बागेत नेलं. तिथल्या नळातून पाणी भळभळून येत होतं. तिने त्या नळाकडे हात करून मान तुकवली. हिवाळा संपला होता. वासुदेवराव पुढे झाले आणि त्यांनी नळ बंद केला. दोघं हात हातात घेऊन बराच वेळ एकमेकांशी बोलले, ती तिच्या भाषेत आणि ते त्यांच्या.

लाइन शरद ऋतूत सुरू झाली. पुढच्या जानेवारीत एका सकाळी देवश्रीचा फोन वाजला. एरो होता.

"काल वादळात तार तुटली," तो म्हणाला. "जनरेटरही लागला नाही. बाहेर उणे छत्तीस."

"मग?"

"लाइन रिकामी झाली. आज वीज आली, लाइन भरली. वस्तीत सगळ्यांनी चहा केला." मग म्हणाला, "काहीच झालं नाही, हे सांगायला फोन केला."

फोन ठेवून ती थोडा वेळ खिडकीशी उभी राहिली. डोळे भरून आले होते, आणि ऑफिसात कुणी बघतंय याची तिला पर्वा नव्हती. मग तिने इचलकरंजीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. वासुदेवरावांनी आधी एकच विचारलं. "कुणी काही बंद नाही ना केलं?"

"बंद करायला काही नव्हतंच, बाबा."

ते हळू आवाजात म्हणाले, "बरं झालं, मी तिथे नव्हतो."

"असं कसं म्हणता? नऊ किलोमीटर तुम्हीच तर होतात. जिथे जिथे तुमचं बोट थांबलं, तिथे तिथे काल पाणी थांबलं नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग घसा खाकरल्याचा, आणि मग दूर कुठेतरी पाइपातून हवा सुटल्याची घरघर.

"थांब, थांब, पाणी आलं!" वासुदेवराव ओरडले, आणि फोन तसाच उघडा टाकून पिंपाकडे धावले.